तोंड वाकडं झालंय, सुझौमध्ये आहे. सुया टोचून घ्याव्यात का?

मुळाकाठची

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसतं वाचत आले, आज पहिल्यांदा लिहितेय. लवकर उत्तर मिळालं तर फार बरं होईल.

आज बारावा दिवस. त्या गुरुवारी सकाळी चूळ भरली आणि पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आपोआप गाऊनवर गळलं. वाटलं, अजून झोपेत आहे. पुन्हा भरली, पुन्हा तेच. दिवा लावून आरशात पाहिलं तर चेहऱ्याची उजवी बाजू इस्त्री फिरवल्यासारखी सपाट. कपाळाला आठी पडेना, उजवा डोळा मिटेना, हसायला गेले तर सगळं तोंड डावीकडे. ह्यांना "पटकन या" म्हणायला गेले, तर "प" फुटलाच नाही.

मी 49 वर्षांची, मूळची पुण्याची. ह्यांच्या नोकरीमुळे चार वर्षं चीनमध्ये सुझौला आहोत, शांघायपासून रेल्वेने अर्धा तास. आधी पक्षाघात असेल म्हणून हातपाय गार पडले होते. इथल्या दवाखान्यात सगळं तपासलं, डोक्याचा स्कॅन केला. डॉक्टर म्हणाले, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. इथे "मियानथान" म्हणतात, आपल्याकडचे डॉक्टर बेल्स पाल्सी म्हणतात. दुसऱ्याच दिवशी प्रेडनिसोलोन (सूज उतरवायची स्टेरॉइडची गोळी) सुरू झालं, बी 12 आहे, डोळ्यात घालायचे थेंब आहेत. गोळ्या आता संपत आल्या. फरक म्हणाल तर पापणी किंचित खाली येते, तेवढंच.

त्याच डॉक्टरांनी काल ॲक्युपंक्चरच्या, म्हणजे सुया टोचायच्या, विभागाची चिठ्ठी दिली. शेजारच्या मावशी तर पहिल्या दिवसापासून मागे लागल्या आहेत (इथे मावशीच्या वयाच्या बाईला "आयी" म्हणतात, ऐकताना दरवेळी मला आईच ऐकू येतं). त्या म्हणतात, थंडीचं वारं शिरलंय, ते सुईनेच बाहेर काढायचं. पुण्याहून सासूबाईही फोनवर तेच म्हणतात की वारं लागलं, कान बांध. फक्त सुयांचं नाव काढलं की घाबरतात. "चेहऱ्यावर सुया? उरलंसुरलं बिघडलं तर?"

मलाही तीच भीती आहे. फेब्रुवारीत लेकीचा साखरपुडा आहे. मोठ्या मुलीचं लग्न करोनात पंधरा माणसांत उरकलं, म्हणून ह्या वेळी सगळ्यांना बोलावलंय. फोटोचं मनाला लागणार हे कबूल करते. पण त्याहून जास्त म्हणजे चारचौघांत घास तोंडातून सांडतो, पाणी पिताना रुमाल धरावा लागतो. लेकीच्या सासरच्यांसमोर तसं जेवायचं, हा विचार रात्री झोपू देत नाही.

कोणी चेहऱ्यावर सुया घेतल्या आहेत का? दुखतं का? सुयांना वीज जोडतात म्हणे, त्याने नस जळत नाही ना? आणि खालच्या मजल्यावरची पार्लरवाली म्हणते, ग्वाशाच्या (चेहऱ्यावर घासायच्या चपट्या) दगडाने रोज घासलं तर गाल वर येईल. करू का?

तिसरा_मजला

ताई, मी नाशिकला फिजिओथेरपी करते. सुयांबद्दल अनुभव नाही, म्हणून त्यावर बोलत नाही. व्यायामाचं सांगते. जोरजोरात गाल फुगवणं, फुगे फुगवणं, दिवसभर च्युइंग गम चघळणं, हे शेजारीपाजारी सांगतील. नका करू. आरशासमोर बसून अगदी हळू, दोन्ही बाजू सारख्या हलतील तेवढंच करायचं. चांगली बाजू जास्त ओढत असेल तर तिला बोटाने धरून ठेवायचं. दिवसातून दोनतीनदा, पाच-पाच मिनिटं. चुकीची सवय लागली तर पुढे हसताना डोळा मिटायला लागतो, आणि ते सोडवणं मूळ दुखण्यापेक्षा कठीण जातं.

आणि रात्री डोळ्याला मलम लावून पापणी कागदी चिकटपट्टीने बंद करा. गाल महिनाभर थांबेल, डोळ्याचं बुबुळ थांबणार नाही.

दवणा

मुळाकाठची, तुझं वाचलं आणि लॅपटॉप उघडून बसले. मला 2016 च्या डिसेंबरात ग्वांगचौमध्ये हेच झालं होतं. डावी बाजू. बावीस वेळा सुया घेतल्या. जसं आठवतं तसं सगळं सांगते.

आधी भीतीचं. सुई म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर इंजेक्शन येतं. ही सुई तशी नसते. आतून पोकळ नाही, पाव मिलिमीटर जाडीची, हातात धरली तर वाकते. प्रत्येक वेळी नवं पाकीट फोडतात, वापरलेल्या सुया पिवळ्या डब्यात जातात. पाकीट आपल्या समोर फोडलं का, एवढं मात्र दरवेळी बघ. मी बघायचे, आणि त्या डॉक्टरीणबाई पाकीट आधी माझ्यासमोर धरून मगच फोडायच्या.

सरकारी चिनी औषधपद्धतीचं रुग्णालय होतं. खाली रांगेत नाव नोंदवायचं, पैसे भरायचे, वर जायचं. दाराशी एक पितळी माणूस उभा, अंगभर ठिपके आणि नावं. सोबत आलेल्या दुभाषी मुलीने सांगितलं की 1027 मध्ये चीनच्या सोंग राजांच्या काळात वांग वेयी नावाच्या वैद्याने असे पुतळे ओतवून घेतले होते. परीक्षेच्या वेळी आत पाणी भरायचे, वरून मेण चढवायचे. विद्यार्थ्याची सुई नेमक्या जागी गेली तर पाणी बाहेर येणार, नाहीतर नापास. आमच्याकडचा त्याची नक्कल होता. पण मला त्या गोष्टीने धीर आला. हजार वर्षांपूर्वीही माणसावर हात चालवण्याआधी परीक्षा घेत होते, हे ऐकून बरं वाटलं.

आत एका खोलीत आठ खाटा, मध्ये पडदे. आठपैकी तिघांचं तोंड माझ्यासारखंच वाकडं. एक बसचालक, एक कॉलेजातली मुलगी, एक आजोबा. घरी मी आरसे झाकून ठेवले होते गं. तिथे पहिल्यांदा कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. सुयांचं जे व्हायचं ते होवो, पण त्या खोलीने मला पहिल्याच दिवशी अर्धं बरं केलं असं मी आजही म्हणते.

डॉक्टरीणबाई साठीच्या. मी गेले तो सहावा दिवस. त्यांनी चेहऱ्यावर चारच सुया लावल्या, त्याही अगदी वरवर. म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात सूज असते, तेव्हा चेहऱ्याशी झोंबायचं नाही. खरं काम हातापायावर. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल जागेत एक सुई, तिला "हगू" म्हणतात. तिथल्या विद्यार्थ्यांना एक ओळ पाठ असते, "मियान खौ हगू शौ", म्हणजे चेहरा आणि तोंड यांचं दुखणं हगूने आवरायचं. आणि तीही उलट्या हाताला, माझी डावी बाजू म्हणून उजव्या हातात. दुसरी गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला.

दुखतं का? चेहऱ्यावर मुंगी चावल्याएवढं. हाताच्या सुईचं वेगळं. ती शिरताना काही कळत नाही, मग त्या दोन बोटांत धरून फिरवतात आणि आतून एक जडपणा उठतो. ठणका नाही, मुंग्याही नाहीत. भरलेली कळशी खूप वेळ धरल्यावर हात भरून येतो ना, तसं. त्याला "द छी" म्हणतात, छी आली, छी म्हणजे त्यांच्या मते अंगातली प्राणशक्ती. बाई विचारायच्या, "आली का?" मी हो म्हटलं की हात थांबायचा. मग वीस-पंचवीस मिनिटं पडून राहायचं, गालावर तांबूस उजेडाचा गरम दिवा.

दुसऱ्या आठवड्यानंतर सुया वाढल्या. ओठाच्या कोपऱ्यातून जबड्याच्या कोनाकडे एक लांब सुई कातडीखालून आडवी सरकवतात. ही बघून माझे पाय लटपटले होते, हे लपवत नाही. भुवईच्या वर एक, कानाच्या पाळीमागे एक. कानामागची मला सगळ्यात नकोशी वाटायची. वीज चौथ्या आठवड्यात लावली, तीही दोनच सुयांना, गाल टकटक हलेल इतकीच. जळत वगैरे काही नाही. पण बाईंनी आधी लावायला साफ नकार दिला होता, तुझ्याकडे लगेच लावत असतील तर विचार.

मग तुंबड्या. आपल्याकडे पूर्वी तुंबडी लावायचे तेच, इथे काचेच्या वाट्या. चेहऱ्यावर ठेवून देत नाहीत, टेकवली की उचलली, टेकवली की उचलली, पटपट पटपट, त्यामुळे डाग पडत नाहीत. पाठीवर मात्र ठेवतात आणि पाच-सहा दिवस जांभळे गोल राहतात. आणि शेवटी कानामागे धुरी. आय नावाच्या झाडाच्या वाळल्या पानांची कांडी पेटवून बोटभर अंतरावर धरायची. पहिल्या दिवशी तो वास आला आणि मी उठूनच बसले. जोतिबाला वाहतो तो दवणा! अगदी तोच नाही, उग्र, पण घराण्यातला. नंतर शोधलं तर खरंच, दोन्ही आर्टेमिसिया कुळातली झाडं. माझं माहेर वाडी रत्नागिरीच्या पायथ्याशी. परक्या गावात वाकडं तोंड घेऊन पडलेली असताना चैत्रातल्या यात्रेचा वास यावा, ह्याला मी काय म्हणू? इथलं माझं नाव तेव्हापासूनचं आहे.

फरक कधी पडला? सतराव्या दिवशी भुवई हलली. पाचव्या आठवड्यात पेल्याने पाणी पिता आलं. तीन महिन्यांनी फोटोत कळत नव्हतं. आता प्रामाणिकपणे सांगते. मीही पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू केल्या होत्या. तेव्हा गोळ्यांनी किती, सुयांनी किती आणि नुसत्या दिवसांनी किती, हे मला सांगता येणार नाही. पण रोज सकाळी उठून जायला एक जागा होती, आणि कुणीतरी माझ्या गालाला हात लावून "काल पेक्षा आज बरा" म्हणत होतं. जा तू. चिठ्ठी दिली आहे ना, जा.

पार्लरवालीकडे मात्र जाऊ नकोस. माझ्या बाईंनी ग्वाशाचा दगड माझ्या पर्समध्ये पाहिला आणि काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, मानेला, पाठीला हवं तर कर. लुळ्या पडलेल्या गालाला ओढाताण करायची नाही, ते स्नायू आधीच सैल आहेत.

वारणाकाठ

मी एमबीबीएस चीनमध्येच केलं, आता सांगली जिल्ह्यात काम करतो. तिथे आम्हा परदेशी विद्यार्थ्यांनाही चिनी औषधपद्धतीचा विषय होता, एकमेकांच्या हगूवर सुया टोचूनच शिकलो. दवणाताईंनी उपचाराचं वर्णन अचूक केलंय. मी दोनतीन गोष्टी जोडतो, कारण हा धागा पुढे दुसरं कुणी घाबरून शोधत येईल.

पहिली, आणि हे प्रत्येकाने लक्षात ठेवा. तोंड वाकडं झालं पण कपाळाला आठी दोन्हीकडे पडतेय, किंवा हात जड झालाय, बोलणं अडखळतंय, तर तो पक्षाघात समजून त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठायचं. ताईंच्या कपाळाची आठी गेली होती आणि हातपाय ठीक होते, म्हणजे चेहऱ्याची नस. तरी स्कॅन केला ते योग्यच. कानात किंवा कानामागे पुरळ उठून ठणकत असेल तर ती नागीण असू शकते, तिचं औषध वेगळं.

दुसरी. ह्या आजारात ज्याचा पुरावा पक्का आहे ती गोळी म्हणजे प्रेडनिसोलोन, 72 तासांच्या आत. स्कॉटलंडमध्ये साडेपाचशे रुग्णांवर झालेला अभ्यास 2007 मध्ये छापून आला. तीन महिन्यांनी गोळी घेतलेल्यांपैकी 83 टक्के पूर्ण बरे, न घेतलेल्यांपैकी साधारण 64 टक्के. नऊ महिन्यांनी हेच आकडे 94 आणि 82. म्हणजे गोळीशिवायही बरेच जण बरे होतात, पण गोळीने जास्त आणि लवकर होतात. गावाकडे लोक आधी मालिश, मग झाडपाला, मग आठवड्याने माझ्याकडे येतात, तेव्हा ही वेळ निघून गेलेली असते. मला ह्याचं फार वाईट वाटतं. ताई, तुम्ही दुसऱ्या दिवशी सुरू केलंत, अर्धी लढाई तिथेच झाली. साखर मात्र तपासून घ्या, ह्या गोळीने वाढते.

आता सुया. 2013 मध्ये वुहानच्या थोंगची वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी 338 रुग्णांवर अभ्यास केला. प्रेडनिसोन (प्रेडनिसोलोनच्याच जातीची गोळी) सगळ्यांना, सुयाही सगळ्यांना. एका गटाच्या सुया फिरवून दवणाताई म्हणतात तो जडपणा आणला, दुसऱ्याच्या नुसत्या ठेवून दिल्या. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचे चेहरे जास्त सुधारलेले होते. अभ्यास नेटका आहे, पण त्यात सुया न घेतलेला गट नाही. म्हणून सुया फिरवणं हे नुसत्या ठेवण्यापेक्षा बरं, एवढंच त्यातून निघतं. पाठदुखीवर जर्मनीत 1,162 जणांवरचा मोठा अभ्यास 2007 मध्ये आला. नेमक्या जागी सुया घेतलेल्यांपैकी 47.6 टक्क्यांना गुण आला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी 44.2, आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी 27.4. मी हे आकडे अनेकदा घेऊन बसतो. टोचण्यात काहीतरी आहे हे नक्की, पण जागेचं महत्त्व पितळी पुतळ्यावर कोरलंय तितकं आहे का, ह्याची मला शंका आहे.

त्यामुळे माझं मत: गोळ्या पूर्ण करा आणि त्याच्या जोडीला सुया जरूर घ्या. धोका थोडा आहे. काळेनिळे डाग, कधी चक्कर. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. खांद्याच्या माथ्यावर किंवा छातीपाठीवर खोल सुई मात्र कुणालाही घालू देऊ नका. खाली फुप्फुस असतं, आणि त्याला छिद्र पडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

पार्लरच्या प्रश्नाबद्दल. सुरकुत्या जाव्यात, जबडा रेखीव दिसावा म्हणून चेहऱ्यावर सुया आणि दगड, हे सध्या सगळीकडे चाललंय. दगड हलका फिरवला की सूज थोडी उतरते, कातडीत रक्त धावतं, तास-दोन तास चेहरा टवटवीत दिसतो. त्यापुढचं काही मी कुणाला खात्रीने सांगणार नाही.

मुळाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. दवणा, खोलीतल्या तिघांचं वाचून रडू आलं, आणि रडतानाही एकाच डोळ्यातून पाणी व्यवस्थित ओघळलं. उद्या सकाळी साडेआठची वेळ घेतली आहे. पुण्याला येणार जानेवारीत, तेव्हा मध्येच सोडावं लागेल. तिथे कुणाकडे जायचं, कसं ओळखायचं?

सिद्धेश्वर_पेठ

नाव सुचवणार नाही, पण कसं ओळखायचं ते सांगतो. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारा, भिंतीवर प्रमाणपत्र असेल तर वाचा. सुया एकदाच वापरायच्या, हे बोलून घ्या.

मी सोलापूरचा, म्हणून राहवत नाही. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टर युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, त्यात आमचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. कोटणीस 9 डिसेंबर 1942 ला तिथेच वारले, त्यांचं घर आज इथे स्मारक आहे. त्याच पथकातले डॉ. बिजय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीस ते कोलकात्यात घेऊन आले. भारतात ही सुई अशी आली. सासूबाईंना हे सांगून बघा, माझ्या आईची भीती ह्यानेच गेली होती.

मुळाकाठची

पाच आठवडे झाले, कळवायचं राहिलं.

एकोणीस वेळा झालं. आमच्याकडे डॉक्टर तरुण आहेत, तिशीतले. वीज अजून लावलेली नाही, विचारलं तर म्हणाले, गरज वाटली तर बघू. लांब आडव्या सुईच्या वेळी मी डोळे मिटून घेते. मिटून, म्हणजे दोन्ही! हे पहिल्यांदा झालं तेव्हा त्यांनाच आधी कळलं. हगूला जडपणा येतो तो मला अगदी कळशीसारखा नाही, मला पाटावरवंट्यावर पुरण वाटून झाल्यावरचा हात आठवतो. आयी दर वेळी सोबत येतात, बाकावर बसून विणकाम करतात, आणि परत येताना मला गार पाणी पिऊ देत नाहीत.

सासूबाईंना कोटणिसांचं सांगितलं. सासूबाईंच्या वडिलांनी ते नाव ऐकलेलं होतं म्हणे. आता रोज विचारतात, आज किती सुया.

पूर्ण बरी नाही. मोठ्याने हसले की उजवा कोपरा मागे राहतो, आणि थकले की डोळा लहान दिसतो. पण चूळ भरता येते. नाशिकच्या ताईंचे व्यायाम आरशासमोर करते, आणि त्यात माझी एक भर आहे. लहानपणी आजीने पाटीवर गिरवून घेतली होती ती ओठांची ओळ रोज वीसदा म्हणते. पहिल्या आठवड्यात नुसती हवा जायची. काल रात्री लेकीला फोनवर म्हणून दाखवली, प फ ब भ म, सगळी स्पष्ट. ती म्हणाली, "आई, 'भ' पुन्हा म्हण."